पांढऱ्या कापडाचा महिना

आश्विन लागला की आमच्या वस्तीत पांढरे कापड दिसू लागते. इतवारीतून कोणी पॉपलीन आणते, कोणी तिघी-चौघींत मिळून लाँगक्लॉथचा तागा घेते. साडी बहुधा गेल्या वर्षीचीच असते. तिला नीळ द्यायची, भाताच्या पेजेची खळ करायची आणि किनार विटली असेल तर निळी पट्टी नवी लावायची. विहाराच्या महिला मंडळाजवळ दोन पायमशिनी आहेत. त्यांतली एक चालते आणि दुसरीचा पट्टा नेमका अशोक विजयादशमीच्या आठवड्यात तुटतो. आम्ही नोकरी करणाऱ्या बायका रात्रीचा स्वयंपाक आटोपून शिवायला बसतो. मोठ्यांच्या कुर्त्यांतून जे तुकडे उरतील त्यांतच लहानांचे कुर्ते आणि झबली बसवावी लागतात. हे बेतण्याचे काम ज्या भगिनींनी केले आहे त्यांना ठाऊक आहे की कार्यालयातला ताळेबंद जुळवणे त्यापेक्षा पुष्कळ सोपे!

दीक्षाभूमीला येणारे पाहुणे घरी उतरतात. कोणी परभणीचे, कोणी बुलढाण्याचे. त्यांच्या पिशव्यांतही घडी केलेले पांढरे लुगडे असतेच. रात्री दाटीवाटीने झोपायचे, पहाटे एकाच नळावर आंघोळी करायच्या आणि पांढरे नेसून सर्वांनी सोबत निघायचे. येताना पुस्तकांच्या दुकानांवरून प्रत्येकाने निदान एक पुस्तक घ्यायचे, हा आमच्या घरचा नियम आहे.

हा पांढरा रंग कुठून आला, हे आमच्या सासूबाई मुलांना दरवर्षी सांगतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला त्या आठ वर्षांच्या होत्या. दीक्षेला येताना पांढरी वस्त्रे नेसून या, असा निरोप वस्त्यावस्त्यांत पोहोचला होता. त्यांचे वडील एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते, पण बाजारात पांढरी साडी मिळेना. शेवटी वडिलांचे एक धोतर मधोमध फाडले. अर्ध्याचे आईने कसेबसे नेसले आणि उरलेल्यातून हाताने टाके घालून या लेकीला झगा केला. स्वतः बाबासाहेब त्या दिवशी पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट घालून आले होते. भदंत चंद्रमणी यांनी त्यांना त्रिशरण-पंचशील दिले आणि मग बाबासाहेबांनी समोरच्या लाखोंना दीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञा दिल्या. सासूबाईंना एवढे सगळे कळले नव्हते. जिकडे पाहावे तिकडे पांढरेच पांढरे दिसत होते आणि आपला झगा नवा होता, एवढे मात्र त्यांना पक्के आठवते. (धोतर नवे नव्हते, पण त्या अजून त्याला नवाच झगा म्हणतात.)

याच दिवसांत विहारात बालमेळावा होतो आणि वेशभूषेची स्पर्धा असते. सोंगे भाड्याने आणायची नाहीत, घरीच करायची, असे मंडळाने ठरवले आहे. भाड्याचा कोट महाग पडतो आणि दहा मुलांना तोच एक कोट येतो. बारीक तार वाकवून चष्मा होतो. मोठ्या भावाचा शाळेचा कोट उलट्या बाजूने टाचला की लहानग्याला बसतो. सावित्रीबाईंसाठी आजीचे जुने लुगडे आणि एक पिशवी लागते. पिशवीत जादा साडी ठेवायची, कारण वाटेत अंगावर शेणचिखल झेलून शाळेत गेल्यावर त्यांना साडी बदलावी लागे. हे त्या मुलीने स्वतःच्या तोंडाने सांगितले तरच तिला गुण मिळतात. आमचे एक गाऱ्हाणे असे की दरवर्षी पंधरा बाल-भीम येतात आणि पंधराही कोट-टाय लावून, हातात संविधान घेऊन येतात. साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसणारा भिवा कोणीच होत नाही. गोणपाट तर प्रत्येक घरात आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

हे सगळे आटोपते न आटोपते तोच धाकटीच्या शाळेतून एक चिठ्ठी आली. ३१ ऑक्टोबरला हॅलोवीन साजरे होईल, मुलांनी भूत, चेटकीण किंवा तत्सम वेश करून यावे, असे तिच्यात लिहिले होते. शहरातल्या इंग्रजी शाळांत ही प्रथा अलीकडे शिरली आहे. आम्ही थोरल्याला ग्रंथालयातून माहिती काढायला लावली. मुळात हा सण आयर्लंड-स्कॉटलंडकडचा. सुगी संपून थंडी सुरू होताना तिकडचे लोक जुन्या काळी शेकोट्या पेटवीत. त्या रात्री मेलेले परत येतात अशी समजूत होती. पुढे ख्रिस्ती धर्मात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरला आणि ही त्याची आदली रात्र झाली. एकोणिसाव्या शतकात दुष्काळाने उपाशी झालेले आयरिश लोक अमेरिकेत गेले, तेव्हा सणही सोबत नेला. गावाकडे ते सलगमासारखा कंद पोखरून आत दिवा ठेवीत. अमेरिकेत भोपळा मिळाला, तो पोखरायला सोपा. आता तिथली मुले सोंगे घेऊन दारोदार जातात आणि गोळ्या मागतात.

हे वाचून आम्हाला हसू आले, कारण नागपूरच्या मुलांना यात नवीन काय आहे? तान्ह्या पोळ्याला इथली पोरे नटूनथटून लाकडी बैल घेऊन घरोघर हिंडतात आणि बोजारा गोळा करतात. आणि उपाशी माणसे गाव सोडताना आपली गाणी, आपले सण गाठोड्यात बांधून नेतात हे तर आपल्या लोकांना समजावून सांगायला नकोच. तिकडच्या कष्टकरी आयाही जुन्या कपड्यांतून रात्री जागून मुलांची सोंगे शिवत असणार. त्या बायांशी आमचे काही भांडण नाही.

भांडण घरात झाले. धाकटीने आधी चेटकीण व्हायचे म्हटले. त्याला आम्ही ठाम नकार दिला. युरोपात चेटकीण ठरवून हजारो बायकांना जिवंत जाळले, फासावर चढवले. आपल्याकडे तर ही गोष्ट अजून इतिहासजमा झालेली नाही. सासूबाईंच्या मावशीवर करणीचा आळ घेऊन तिला गावाबाहेर काढले होते. तिचे दोन दोष होते. एक म्हणजे ती विधवा होती आणि दुसरे म्हणजे तिच्या नावावर दीड एकर जमीन होती. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखाद्या बाईला करणी करणारी म्हणून छळणे त्यात गुन्हा आहे. मंडळाच्या कामात आम्ही हा कायदा वस्त्यांत समजावून सांगत फिरतो आणि आमच्याच घरातून उंच टोपी घालून चेटकीण निघायची, हे आम्हाला पटणारे नव्हते.

मग ती म्हणाली, भूत होते. भूत तर फारच सोपे. पांढऱ्या चादरीला डोळ्यांपुरती दोन भोके पाडली की झाले भूत. यंदाच्या शिवणातून पाऊण मीटर पॉपलीन उरलेही होते, त्यावर तिचा डोळा होता. आम्ही नको म्हणालो, तर तिने आम्हालाच कोंडीत पकडले. "आई, भूत नसतंच ना? तुम्हीच सांगता. मग नसलेल्याचं सोंग घेतलं तर काय बिघडतं?" मुलांच्या बाबांना हा मुद्दा एकदम पटला. खरे सांगायचे तर आमच्याजवळही उत्तर नव्हते. ज्या मुलांना आपण भुताला भिऊ नका म्हणून शिकवतो, त्यांनी भुताची टर उडवली तर आपण उलट खूश व्हायला हवे.

उत्तर सासूबाईंनी दिले. पलंगावर बसल्या बसल्या त्या म्हणाल्या, "भूत नाही हे मलेबी ठाव हाय. पण पोरी, ते कापड मढ्याचं असते. मढ्याचं कापड आपण लई नेसलो."

त्यांच्या आजीने प्रेतावरचे कापड नाल्यावर धुऊन त्याची चोळी शिवली होती. गावातले मढे निघाले की त्यावरचे कापड महाराला, हा गावगाड्यात 'हक्क' म्हणवला जाई. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात तर चांडाळाने मेलेल्यांची वस्त्रे ल्यावीत, फुटक्या भांड्यात खावे आणि लोखंडाचे दागिने घालावेत, असे लिहूनच ठेवले आहे. हा ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळला. त्याच परिषदेत बाबासाहेब बायकांशी लुगड्यांविषयी आणि दागिन्यांविषयी बोलले. गुडघ्यापर्यंत लुगडे, गळाभर गलसऱ्या, कोपरापर्यंत गोठ-पाटल्या ही तुमची जात ओळखण्याची खूण आहे, ती टाका. कापड फाटके असले तरी चालेल, स्वच्छ असावे, असे त्यांचे सांगणे होते. बायकांनी त्याच मुक्कामात लुगडी घोट्यापर्यंत खाली आणली. आज ही गोष्ट लहान वाटते. परंतु उद्या गावात परत जाऊन त्याच पाटलाच्या दारावरून तसेच लुगडे नेसून जायचे होते! पुढे १९५८ च्या कायद्याने महारवतन गेले आणि मढ्याच्या कापडासारख्या हक्कांना आधारच उरला नाही. आपल्या पुष्कळ लोकांनी तर ते दीक्षेच्याही आधी आपणहून सोडले होते.

आणि ही हॅलोवीनची चादर तरी काय? युरोपात मेलेल्यांना पांढऱ्या कापडात गुंडाळून पुरीत, म्हणून तिथले भूत पांढऱ्या चादरीत आले. धाकटी गप्प बसली. ती इतकी गप्प बसली की आम्हालाच वाईट वाटले. नऊ वर्षांच्या पोरीच्या खेळावर हे केवढे ओझे!

त्या आठवड्यात विहारात कठीण चीवरदानाची तयारी चालू होती. वर्षावासाचे तीन महिने संपून आश्विन पौर्णिमेला पवारणा झाली की पुढच्या महिनाभरात हे दान होते. कठीण चीवराचा नियम असा की कापड मिळाले त्याच दिवशी ते बेतायचे, शिवायचे आणि रंगवायचे. बांगलादेशात रांगामाटीच्या राजवन विहारात तर उपासिका चोवीस तासांत सूत कातण्यापासून चीवर तयार करतात. आपल्याकडे आता तयार चीवराची पाकिटे मिळतात, त्यामुळे ही मेहनत कोणी घेत नाही. आम्हाला ते बरे वाटत नाही, पण रजा शिल्लक नसते हेही खरे.

भंतेजींपुढे सासूबाईंनीच हा विषय काढला. भंतेजी हसले आणि म्हणाले की सुरुवातीचे भिक्खू स्मशानात आणि उकिरड्यावर टाकलेल्या चिंध्याच नेसत असत. त्याला पांसुकूल चीवर म्हणतात. गृहस्थांनी दिलेले चीवर घ्यायला भगवंतांनी परवानगी दिली ती जीवक वैद्याच्या विनंतीनंतर. चीवराला आज जे तुकडे जोडलेले दिसतात, त्यांची रचना मगधातल्या धानाच्या बांध्या पाहून आनंदाने बेतली. सासूबाईंनी विचारले, "म्हंजे मढ्याचंच कापड?" भंतेजी म्हणाले, "हो, आजी. पण ते राजपुत्रांनीही नेसलं आणि उपाली न्हाव्यानंही नेसलं. कोणी त्यांच्यावर लादलं नव्हतं." सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांना ते पटले की नाही, आम्हाला आजही सांगता येणार नाही. घरी परतताना रिक्षात त्या एवढेच म्हणाल्या, "तरीबी त्या चादरीले भोकं पाडू नका."

सोंग अखेर त्यांनीच सुचवले. बुजगावणे! लहानपणी दुसऱ्याच्या शेतात ज्वारी राखायला त्या जात, तेव्हा बुजगावणे उभे करायचे काम त्यांच्याकडे असे. मुलांच्या बाबांचा कोपराला फाटलेला सदरा, दोन बाह्यांतून आडवी काठी, कमरेला सुतळी, बाह्यांच्या टोकांना तणसाच्या पेंढ्या. तणस एका दूधवाल्याने फुकट दिले. डोक्याला मडके जड झाले असते म्हणून जुने टोपले पालथे घातले आणि त्यावर चुन्याने डोळे काढले. सासूबाईंनी चार रात्री बसून ठिगळे लावली. सदऱ्याला खरे तर एवढ्या ठिगळांची गरज नव्हती.

शाळेत त्या दिवशी सतरा भुते आली होती, असे धाकटीने मोजून सांगितले. बुजगावणे एकच होते. बाईंनी विचारले की हे हॅलोवीनमध्ये कसे बसते, तर ही म्हणाली, "पाखरं भितात, माणसं नाही." बक्षीस काही मिळाले नाही. तणस मात्र इतके टोचले की संध्याकाळी मानेला खोबरेल लावावे लागले, आणि टोपलीवरचा चुना अजून निघालेला नाही. ते पाऊण मीटर पॉपलीन ट्रंकेत आहे. थोरल्याचे हात फार भराभर लांब होत आहेत, पुढच्या आश्विनात त्याच्या बाह्यांना जोड द्यावाच लागेल.