चुकीचा पत्ता

चुका करण्याचा अनुभव मला पुष्कळ आहे. परंतु झालेली चूक एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी धाडणे हे किती जोखमीचे काम आहे, हे चिखलीस राहावयास आल्यावरच मला कळले.

आमच्या या भागात लहानमोठे कारखाने पुष्कळ. भोसरीहून येथे हलविलेला एक लेथ मी पाहिला होता. सुटे केलेले भाग, प्रत्येकावर खडूने घातलेला आकडा, आणि त्या आकड्यांबरहुकूम येथे झालेली पुन्हा जुळणी! संगणकातही असाच व्यवहार चालतो. चालू प्रोग्रामच्या स्मृतीत उभी असलेली वस्तू अक्षरांच्या ओळीत उलगडावयाची आणि पलीकडे ती पुन्हा उभी करावयाची. यास सीरियलायझेशन म्हणतात. आकडे, नावे, याद्या हा प्रवास सुखाने करतात. एररचे मात्र तसे नाही. एरर म्हणजे एक छोटा पंचनामाच असतो: प्रकार कोणता, घडले काय, आणि कोणत्या फाइलीतील कोणत्या ओळीवर, कोणाकोणाच्या हातून फिरत ते तेथवर आले.

आमचा एक प्रोग्राम कारखान्यातील यंत्रांवरची मोजमापे गोळा करी व दुसरा तळवड्याच्या कचेरीत ती नोंदवी. दोन्ही जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले. कारखान्यात काही बिघडले की कचेरीत येत ते केवळ दोन महिरपी कंस. आत अवाक्षर नाही. वस्तूस जेसन नामक मजकुराचे रूप देताना ती भाषा तिचे गणतीतले गुणधर्म तेवढे टिपते, आणि एररचा संदेश व त्याचा मार्ग हे तिने गणतीबाहेर ठेवले आहेत. पंचनामा आला, पण कोरा!

हाताखालच्या एका तरुणाने तोड काढली. एररचे नाव व संदेश निराळे काढून धाडावयाचे आणि कचेरीत त्याच नावाचा नवा एरर उभा करावयाचा. आम्ही खूश झालो. (पायथन भाषेत या कामाच्या साधनास ‘पिकल’, म्हणजे लोणचे, असे नाव आहे. मला ते फार आवडते. बरणीतली कैरी काही झाडावर परत जात नाही. तेथेही एररचा प्रकार व मजकूर टिकतो, मार्ग मागेच राहतो.)

एका रात्री मोजमापे येणे बंद पडले. कचेरीतल्या पंचनाम्यात फाइल त्या तरुणाची, ओळही त्याचीच. सकाळी चारचौघांत मी त्यास जे बोललो ते आठवले की आजही कानशिले तापतात. “सर, मी पुन्हा पाहतो,” एवढेच तो म्हणाला आणि खाली मान घालून बसला.

दुपारी उलगडाही त्यानेच केला. नवा एरर जेथे निर्माण होतो तेथलाच मार्ग आपल्या अंगावर लिहून घेतो. पुनर्जन्म झाला तेच आपले जन्मगाव म्हणून तो सांगत होता! खरा बिघाड होता कारखान्यातील प्रोग्रामात, मी स्वतः लिहिलेल्या भागात. रिकामे आलेले मोजमाप मी पारखून घेतलेच नव्हते. निरोप्यालाच मी चोर ठरविले होते.

आता मूळ मार्गही मजकूर म्हणून सोबत जातो आणि पलीकडे नव्या एररवर तोच लिहिला जातो. जावास्क्रिप्टच्या २०२२ सालच्या प्रमाणात एररला त्यामागचे कारण जोडण्याची सोय झाली, तिचाही आम्ही उपयोग करतो. पण तेही गणतीबाहेरचेच असल्याने मुद्दाम निराळे काढून पाठवावे लागते.

त्या तरुणाची मी क्षमा मागितली. “असू द्या, सर,” तो म्हणाला. तेव्हा खोलीत आम्ही दोघेच होतो.