नागदेवी रस्त्यावरील एक दुपार

फळफळावळीसाठीं मुंबईस येणारीं बहुतेक कुटुंबें महात्मा फुले मंडईपर्यंत जातात आणि तेथूनच माघारीं वळतात. १८६९ मध्यें पुरी झालेली ती इमारत पाहण्यासारखी खरीच; पण तिच्या उत्तरेस ज्या अरुंद गल्ल्या आहेत, त्यांतील नागदेवी रस्ता आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांनीं पाहिला असेल. तेथें शिरलें कीं फळांचा वास मागें पडतो आणि वंगणाचा व रबराचा उग्र दर्प नाकांत भरतो. बेअरिंगें, पट्टे, झडपा, नळ्या ह्यांचीं दुकानें एकास एक लागून. हातगाड्या व हमाल ह्यांच्यामधून अंग चोरूनच चालावें लागतें.

आम्हांस तेथें नेलें तें आमच्या पुतण्यानें. कोंकणांतील घरीं थोरल्या वहिनी एकट्या राहतात, वय बहात्तर. पावसाळ्यांत वीज दोन-दोन दिवस जाते, मग विहिरीचें पाणी रहाटानेंच ओढणें आलें. गेल्या श्रावणांत त्यांचा खांदा निखळला. तेव्हांपासून पुतण्यानें एका जुन्या पितळी नळकांड्याचा हातपंप करण्याचें मनावर घेतलें. बाकी सर्व जमलें. परंतु नळकांडें व खालची नळी ह्यांच्या सांध्यास बसणारा वॉशर कोठें मिळेना. अशा पंपाचें सारें मर्म ह्या सांध्यांत असतें. केसाएवढी फट राहिली तरी पाण्याऐवजीं हवाच आंत येते, आणि दांडा कितीही हालवा, बारा हातांखालचें पाणी जागचें हालत नाहीं. एका कारखान्यानें साचा करून देण्याची तयारी दाखविली, पण खर्च ऐकून पुतण्यानें हात जोडले. वॉशर हवे होते अवघे सहा!

नागदेवीवरील दुकानदारांनीं आधीं माप विचारलेंच नाहीं. "पाणी कीं तेल?" हा त्यांचा पहिला प्रश्न. प्रश्न मार्मिक होता. झाडाच्या चिकापासून केलेलें रबर पाण्यांत बरें टिकतें, पण खनिज तेलांत फुगून मऊ पडतें. तेथें नायट्राइल लागतें. ऊन व गरम पाणी असेल तर ईपीडीएम. (गंधक आणि उष्णता ह्यांचा योग १८३९ मध्यें चार्ल्स गुडइअरनें साधला नसता, तर उन्हाळ्यांत चिकटणारा व थंडींत कडक होणारा हा पदार्थ कोणी घरांत घेतला असता कीं नाहीं, शंकाच आहे.) आमचा पंप उघड्यावर राहणार, म्हणून ईपीडीएमचें चार मिलिमीटर जाडीचें शीट ठरलें.

कापणारे वृद्ध मिस्त्री गल्लीच्या टोकाशीं एका फळीवर बसले होते. पुतण्यानें त्यांस 'चाचा' म्हणून हांक मारली आणि क्षणांत ओळख जमली. कागद कापणें निराळें व रबर कापणें निराळें. रबर दाबलें कीं त्याचा आकार बदलतो, आकारमान जवळजवळ बदलत नाहीं. तें बाजूस फुगतें. म्हणून जाड शीटवर बोथट पंच ठोकला, तर दाब सुटल्यावर कड आंत वळलेली दिसते. पातें वस्तऱ्यासारखें हवें आणि त्यास साबणाचें पाणी. आमच्या ५२ व ७४ मिलिमीटर मापांचे पंच नव्हते. तेव्हां चाचांनीं परकारासारखें हत्यार काढलें, एका पायास अणकुचीदार खिळा, दुसऱ्यास पातें. बाहेरचें वर्तुळ त्यांनीं आधीं कापलें. पुतण्यानें कारण विचारतां ते हंसले. "आधीं पोट काढलें, तर खिळा टेकूं कशावर?" घाई मुळींच नव्हती, तीन-चार फेऱ्यांत पातें हळूहळू खालीं उतरे.

शेंकडों नग असले तर हेंच काम पाण्याच्या अतिवेगवान धारेनें यंत्रावर करून घ्यावें. सहा नगांना मात्र चाचांचा हातच परवडतो. पुतण्यानें कॅलिपर लावून पाहिला. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आंत. निघतांना चाचा म्हणाले, "बोल्ट एकदम आवळूं नका. समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. रबर बाहेर डोकावूं लागलें कीं थांबा."

मृगापूर्वीं पंप बसला. पहिल्या दिवशीं सांध्यानें हवा घेतली, कारण नळकांड्याची कड एका जागीं उंच होती. ती कानशीनें घांसून सपाट केली, दुसरा वॉशर घातला, वरून तांब्याभर पाणी ओतलें आणि पंधराव्या-सोळाव्या हेलकाव्यास धार आली. वहिनींनीं पहिली कळशी तुळशीस घातली आणि दांडा पुतण्याच्या हातांतून काढून घेतला. उरलेले चार वॉशर शंखजिरें लावून फडताळांतील डब्यांत ठेवले आहेत.