डबल कशाला, पक्का म्हणा ना!

‘डबल ऑप्ट-इन नको यार, लोक गळतात!’ आमच्या मार्केटिंगच्या मीटिंगमध्ये हे वाक्य हमखास ऐकू येतं.

मी पुण्यात याच धंद्यात आहे, म्हणून आधी फोड करून सांगते. तुम्ही फॉर्ममध्ये ई-मेल टाकलात आणि लगेच आमच्या यादीत गेलात, तर ते सिंगल. त्या पत्त्यावर ‘हे तुम्हीच ना?’ असा मेल आला आणि त्यातल्या लिंकवर क्लिक केल्यावरच नाव चढलं, तर डबल. आणि चौकोनात आधीच केलेली टिकमार्क? ते आपलं ‘मौनं संमतिलक्षणम्’! युरोपियन युनियनच्या न्यायालयाने २०१९ मध्ये कुकीजच्या एका खटल्यात ठणकावलं, की अशी आयती टिक म्हणजे संमती नव्हे.

खरी गोम ‘डबल’ या शब्दात आहे. ऐकताक्षणी वाटतं, बिचाऱ्या गिऱ्हाइकाला उगाच दोनदा राबवतायत. स्पॅमविरुद्ध काम करणारी ‘स्पॅमहाउस’ त्यालाच ‘कन्फर्म्ड ऑप्ट-इन’ म्हणते. मला हेच पटतं. कारण पहिला होकार नक्की कुणाचा, हेच माहीत नसतं! गडचिरोलीत आमच्या गल्लीत बरीच वर्षं एकच ई-मेल चालायचा, माझ्या दादाचा. शेजारच्या काकू, त्यांची मुलगी, समोरचे गुरुजी, सगळ्यांच्या फॉर्मवर तोच. दादाला आजही ब्यूटी पार्लर कोर्सच्या ऑफर्स येतात!

होकाराच्या शब्दांचा कीस पाडायची सवय मला तिकडचीच. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाची ग्रामसभा बहुमताने नाही, सर्वसहमतीने निर्णय घेते. पटेपर्यंत चर्चा, घाई नाही. आणि कायदे बघा. १९९६ च्या पेसा कायद्यात भूसंपादनाआधी ग्रामसभेशी ‘सल्लामसलत’ होती. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात अनुसूचित क्षेत्रासाठी ‘पूर्वसंमती’ आली. विचारलं, आणि विचारून होकार घेतला, यात आख्खी शेतजमीन मावते. तिथे ई-मेलची काय कथा!

२०२३ च्या आपल्या डेटा संरक्षण कायद्यालाही स्पष्ट कृतीतून दिलेली संमतीच हवी आहे. म्हणून आमच्या मराठी फॉर्मसाठी मी ‘पक्का होकार’ हा शब्द सुचवलाय. बॉस ‘बघू’ म्हणाले. आता हा ‘बघू’ होकार समजायचा का, ते विचारायला सोमवारी परत जाणार आहे.