उत्तराची तारीख

प्रश्नमंजूषेशी माझं नातं जुळलं ते एका चुकीच्या उत्तरामुळे. ते उत्तर होतं 'पंचवीस'.

माझं गाव सालेकसा तालुक्यात, कचारगडच्या पायथ्याजवळ. जानेवारी २००१ मध्ये मी आठवीत होतो. तालुक्याच्या गावी शाळांची प्रश्नमंजूषा होती आणि आमच्या शाळेच्या तिघांत मी होतो. तयारी म्हणजे सामान्य ज्ञानाचं एक गाइड. चुलतभावाकडून आलेलं, १९९७ सालचं, पहिली चार पानं फाटलेली. ते मी तोंडपाठ केलं होतं. शेवटच्या फेरीत विचारलं गेलं, "भारतात सध्या किती राज्यं आहेत?" प्रश्न इतका सोपा वाटला की सोबतच्या दोघांना न विचारताच मी उत्तर देऊन मोकळा झालो. शेजारच्या बाकावरची मुलं 'अठ्ठावीस' म्हणाली आणि ढाल घेऊन गेली.

परतताना मी आम्हाला घेऊन आलेल्या आमच्या शाळेच्या सरांशीच भांडलो. "सर, हे पुस्तकात नव्हतं. चालू घडामोडी कशाला विचारतात? पेपर कुठं येते आपल्या गावात?"

सरांनी उलट विचारलं, "बाबू, तुझी आत्या कुठे राहते?"

"बोरतलावला."

"कोणत्या राज्यात?"

मी 'मध्य प्रदेश' म्हणालो. सर गप्प बसले. बोरतलाव म्हणजे दरेकसाच्या पुढचंच स्टेशन. भाऊबीजेला आत्या मध्य प्रदेशातून माहेरी आली होती. त्याच आठवड्यात, १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड झालं आणि तिचं गाव तिकडे गेलं. पाठोपाठ ९ नोव्हेंबरला उत्तरांचल आणि १५ ला झारखंड झालं. पंचविसाचे अठ्ठावीस झाले ते असे, आणि त्यातलं एक माझ्या आत्याच्या अंगणात झालं होतं. घरी येऊन गाइड पुन्हा उघडलं. त्यात माझं स्वतःचं गावही भंडारा जिल्ह्यातच होतं. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला झाला, तेव्हा शाळेत पेढे वाटले होते. ते मी खाल्लेही होते. तरी पाठ करताना मला काही खटकलं नव्हतं.

पुढच्याच महिन्यात माघ पौर्णिमा आली. कचारगडची यात्रा म्हणजे आमच्याकडे मोठा सण. पारी कोपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी गुहेत कोंडलेल्या मुलांची सुटका केली ती इथेच, अशी गोंड समाजाची श्रद्धा. कुठून कुठून लोक येतात. सर आम्हा तिघांना घेऊन धनेगावच्या बाजूला, गाड्या उभ्या होत्या तिथे गेले. म्हणाले, "आज प्रश्नमंजूषा इथे. पाट्या वाचा." आम्ही वाचत सुटलो. एमएच-३५ आपल्या गोंदियाची, एमएच-३६ भंडाऱ्याची, एपी म्हणजे आंध्र, ओआर म्हणजे ओरिसा. एका धुळकटलेल्या जीपवर एमपी होतं. मी मोठ्याने 'मध्य प्रदेश' म्हणालो. सरांनी ड्रायव्हरला "जय सेवा" केलं आणि गाव विचारलं. तो म्हणाला, "डोंगरगढ."

"पाटी जुनी आहे, माणूस नव्या राज्यातला आहे," सर म्हणाले. "लिंगोची गोष्ट दरवर्षी तीच असते, पाठ केलीस तर चालेल. पाटी मात्र दरवर्षी वाचावी लागते. उत्तर देताना आधी स्वतःला विचार, हे उत्तर कधीचं आहे?"

माझी तक्रार मात्र त्यांनी मनावर घेतली होती. दर शनिवारी ते आमगावहून आठवड्याचे जुने पेपर आणू लागले. भूजच्या भूकंपाच्या बातम्या आम्ही वर्गात बसून आठ दिवस उशिरा वाचल्या. शाळेच्या स्पर्धेसाठी प्रश्न काढताना त्यांचे नियम ठरलेले असत. दहात दोनच प्रश्न चालू घडामोडींचे, आणि गेल्या महिन्याभरातलं काही विचारायचं नाही. नाहीतर ज्याच्या घरी पेपर येतो तोच जिंकणार. ती परीक्षा पोराची न होता त्याच्या पत्त्याची होते, असं ते म्हणत. कुणाला कोणता पुरस्कार मिळाला, हे ते सहसा विचारत नसत. त्यांचा प्रश्न असा असे: छत्तीसगड वेगळं झाल्यावर क्षेत्रफळाने देशातलं सर्वांत मोठं राज्य कोणतं? उत्तर राजस्थान. बातमी एक, पण तिने भूगोलाच्या पुस्तकातलं एक वाक्य कसं खोटं पाडलं, हे मुलाला स्वतः शोधावं लागे.

हे सगळं शिकूनही मी चुकलोच. डी.एड. करून शिक्षक झालो. पहिल्याच वर्षी, २००८ मध्ये, शाळेची प्रश्नमंजूषा माझ्याकडे आली. वेळ नव्हता म्हणून माझ्या शाळकरी वहीतले प्रश्न काढले. 'सूर्यमालेत ग्रह किती?' एक मुलगी 'आठ' म्हणाली. मी घंटी वाजवली, उत्तर चूक ठरवलं, गुण दुसऱ्या संघाला दिले. ती काही बोलली नाही, खाली बसली. रात्री वही आवरताना आठवलं. २४ ऑगस्ट २००६ ला प्रागमध्ये खगोलशास्त्रज्ञांनी प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढलं होतं, आणि ते मी पेपरात वाचलंही होतं. दुसऱ्या दिवशी परिपाठाला सगळ्यांसमोर तिची माफी मागितली, गुण फिरवले. आठवीतला मी निदान नकळत चुकलो होतो. या वेळी माहीत असून आळसाने चुकलो.

तेव्हापासून मी काढलेल्या प्रत्येक प्रश्नसंचाच्या कोपऱ्यात तारीख असते. राज्यांचा प्रश्न दरवर्षी घेतो. २ जून २०१४ ला तेलंगण झालं, राज्यं एकोणतीस झाली. ३१ ऑक्टोबर २०१९ ला जम्मू-काश्मीरचे दोन केंद्रशासित प्रदेश झाले आणि आकडा पुन्हा अठ्ठावीसवर आला. म्हणून आता नुसत्या आकड्याला मी अर्धेच गुण देतो. उरलेले अर्धे 'कधीपासून' याला. माघ पौर्णिमेला मुलांना पाट्या वाचायला नेतो. एपीऐवजी टीएस आल्या, २०२४ पासून टीजी दिसू लागल्या. ओआरच्या ओडी झाल्या.

माझ्या हातून जे काही बरं शिकवून झालं, त्याचं मूळ धुळीतल्या त्या जीपच्या पाटीत आहे. सरांना हे तोंडावर सांगायचं राहून गेलं. त्यांचे नियम मात्र मोडलेले नाहीत. यंदाच्या संचात दहात दोनच प्रश्न चालू घडामोडींचे आहेत. राज्यं २८, केंद्रशासित प्रदेश ८, महाराष्ट्राचे जिल्हे ३६, आणि कोपऱ्यात तारीख.