कोबीच्या पाकिटातला कवी

२००२ च्या ऑस्करला ‘लगान’ हरला, याची चुटपुट अजून आहे. गोवारीकर आपले, म्हणून जरा जास्तच. पुरस्कार बोस्नियाच्या ‘नो मॅन्स लँड’नं नेला. त्याच पाच नामांकनांत नॉर्वेचा ‘एलिंग’ही होता; त्याच्यासाठी हळहळायला आपल्याकडे कोण असणार! मला मात्र हल्ली भुवनच्या षटकारापेक्षा एलिंगनं उचललेला फोन जास्त आठवतो.

चाळिशीचा हा गृहस्थ आईच्या पदराआड वाढलेला. आई गेली, तेव्हा पोलिसांना तो कपाटात लपलेला सापडला. दोन वर्षं मनोरुग्णांच्या संस्थेत काढल्यावर सरकार त्याला आणि तिथल्या त्याच्या खोलीतल्या धिप्पाड शेल ब्यार्नेला ऑस्लोत फ्लॅट देतं. अट एकच, चारचौघांसारखं जगून दाखवा. फोन घ्या, वाणसामान आणा, रस्त्यावर निघा. नाही जमलं तर परत संस्थेत.

इंग्वार आम्ब्योर्नसेनची कादंबरी आधी रंगभूमीवर आली आणि मग २००१ मध्ये पेटर नेसनं हा सिनेमा केला. नाटकाचा सिनेमा करताना दिग्दर्शक बहुधा घाईनं घराबाहेर पळतात. डोंगर दाखवा, गर्दी दाखवा, म्हणजे नाटकाचा वास जातो! इथे घराबाहेर पडणं हीच गोष्ट आहे. चार भिंती एलिंगच्या स्वभावातच आहेत, त्यामुळे नुसतं दार उघडलं तरी आपल्याला धडधडतं. एकदा हॉटेलात टेबलापासून स्वच्छतागृहापर्यंत जायचं असतं, आणि एलिंगला दक्षिण ध्रुवावर एकट्यानं जाणारी माणसं आठवतात. अमुंडसेनच्या देशात हा विनोद चांगलाच झोंबला असेल. आपण हसतो, पण एलिंग साकारणारा पेर क्रिस्तियान एलेफसेन चेहरा इतका गंभीर ठेवतो की हसू मध्येच अडतं.

वेड्यांवर हसवणाऱ्या विनोदाची मला एरवी धास्तीच वाटते. हा सिनेमाही अधूनमधून गोडमिट्ट होतो. वरच्या मजल्यावरच्या गरोदर रेइदुनचं शेल ब्यार्नेशी जुळणं तर फारच सोयीचं. पण एलिंगला सिनेमा बरा करून सोडत नाही. तो कवी होतो, तोही आपल्या रीतीनं. सुपरमार्केटातल्या आंबवलेल्या कोबीच्या पाकिटांत कविता सारून ठेवतो. खाली नाव नाही, नुसतं एक अक्षर. ना प्रकाशक, ना प्रस्तावना, ना संमेलनातली शाल. वाचक कोण, तर ज्याच्या घरी त्या दिवशी कोबी शिजेल तो. या वितरणव्यवस्थेत मला तरी काही खोट दिसत नाही.