घरात ड्यूटी बदलत नाही

गेले काही दिवस एक विषय डोक्यात घोळतोय. शहरांत आता 'हॉस्पिटल तुमच्या घरी' अशी सोय मिळते. पलंग, ऑक्सिजन, सलाईन, नर्स, सगळं घरपोच. काही देशांत मानसिक आजारांसाठीही हे चालतं. पेशंट ॲडमिट करण्याजोगा असतो, पण त्याला वॉर्डात न नेता डॉक्टर-नर्सची टीमच रोज घरी येते. इंग्लंडमध्ये २००० नंतर अशा टीम सरकारी आरोग्यसेवेचा भागच झाल्या.

हे वाचलं आणि मला हसूच आलं. आमच्या नामपूरला मनाचे आजार पिढ्यानपिढ्या घरातच सांभाळले जातात की! फक्त त्याला कोणी हॉस्पिटल म्हणत नाही, आणि सांभाळणारीला कोणी नर्स म्हणत नाही.

आमचे जिभाऊ म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. (खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडे थोरल्या भावाला जिभाऊ म्हणतात, मग सगळं घरच तसं म्हणायला लागतं.) पुढचं सगळं मोठ्या आईला विचारूनच लिहितोय. नातेवाईक वाचणारच आहेत, त्यांना यात नवीन काही नाही.

ऐन कांदा काढणीत जिभाऊंची झोप उडाली. रात्रभर ओट्यावर बसून एकटेच बोलायचे. मग जेवणात कोणीतरी काही कालवतंय असा संशय सुरू झाला आणि जेवणच बंद झालं. गल्लीने निदान केलं, 'बाहेरचं आहे'. वणीच्या गडावर जाऊन आले, मग मालेगाव, आणि शेवटी शंभरावर किलोमीटर लांब नाशिकला ॲडमिट. अठरा दिवसांनी बरेच सुधारून, गोळ्यांची पिशवी घेऊन घरी आले.

आणि खरं काम तिथून सुरू झालं. गोळी घ्या म्हटलं की नाही म्हणायचे. रात्री दार वाजलं की मोठी आई दचकून उठायची. दोन महिन्यांत ती निम्मी झाली. एकदा मी विचारलं, कसं चाललंय? तिने अहिराणीत एवढंच सांगितलं, "तठे तीन नर्सबाया, आठे मी एकली." तिकडे तिघी होत्या, इथे मी एकटी.

मला वाटतं, या विषयावर इतकं नेमकं कुठल्या तज्ज्ञानेही सांगितलं नसेल. हॉस्पिटल म्हणजे नक्की काय? भिंती आणि पलंग नव्हेत. दर आठ तासांनी ताज्या डोळ्यांचं कोणीतरी येतं, बघतं, लिहून ठेवतं आणि घरी जाऊन झोपतं. डोस जास्त झाला, हात थरथरायला लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरला कळतं. शिवाय नर्सने दिलेली गोळी ही गोळी असते, बायकोने दिली की तिचं भांडण होतं. घरात हे काहीच नसतं. घरात ड्यूटी बदलत नाही.

आणखी एक गोष्ट. आमच्याकडे डाळिंबावर, द्राक्षावर फवारायच्या विषाला 'औषध'च म्हणतात, आणि ते बहुतेक घरांत कोपऱ्यात ठेवलेलं असतं. वॉर्डात ते नसतं. घरी उपचार करायचे तर डॉक्टरच्या चिठ्ठीआधी ते 'औषध' घराबाहेर, कुलपात जायला हवं. पुण्या-मुंबईच्या टीमला हे सुचेलच असं नाही, पण गावातल्या आशाताईला सुचेल.

मग हे आपल्याकडे जमेल का? जमलेलं आहे, आणि तेही चाळीसेक वर्षांपूर्वी. बंगळुरूला शैला पै आणि डॉ. आर. एल. कपूर यांनी स्किझोफ्रेनियाच्या पेशंटचे २७-२७ चे दोन गट घेतले. एक गट वॉर्डात ॲडमिट, दुसरा घरी. घरच्या गटाकडे प्रशिक्षण घेतलेली नर्स सहा महिने जात राहिली. पेशंटकडे लक्ष द्यायचं आणि घरच्यांशी बोलायचं, हे तिचं काम. १९८३ साली निष्कर्ष छापून आले: घरचा गट जास्त सुधारला, कामाला लागला, घरच्यांवरचा भार बराच कमी झाला आणि खर्चही कमी आला. घरच्यांवरचा भार कमी झाला, हे मी तीनदा वाचलं. पेशंट घरातच असूनही! फरक काय, तर एक नर्स.

'इंजेक्शनं, तपासण्या हे खेड्यात कसं होणार?' असं कोणी म्हणालं तर मी गडचिरोलीकडे बोट दाखवीन. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथल्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं, आणि त्यांनी नवजात बाळांच्या जंतुसंसर्गावर घरात जाऊन अँटिबायोटिकची इंजेक्शनं दिली. १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले. नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. चार दिवसांच्या बाळाला जर गावातली बाई सांभाळू शकते, तर जिभाऊंना दोन-चार आठवड्यांनी द्यायचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन नर्सने घरी येऊन द्यायला काय हरकत आहे?

अर्थात हुरळून जायचं कारण नाही. आपल्या साताऱ्यात, गोव्यात आणि तमिळनाडूत मिळून स्किझोफ्रेनियाच्या २८२ पेशंटवर एक मोठा प्रयोग झाला. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला प्रशिक्षित कार्यकर्ते पेशंटच्या घरी जात होते. २०१४ मध्ये निष्कर्ष आले: फायदा झाला, पण माफक, आणि तोही मुख्यतः तमिळनाडूत. म्हणजे माणूस पाठवला की झालं, असं नाही. काही वेळा तर घर ही जागाच योग्य नसते. जिवाला धोका असेल, पाणीसुद्धा बंद असेल, किंवा घरातल्याच कोणाचा त्रास असेल, तर वॉर्डच हवा. आमच्या जिभाऊंना त्या अठरा दिवसांनीच वाचवलं, हे मी विसरत नाही.

कायदा मात्र आपल्या बाजूने आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम १८ मध्ये पेशंटच्या कुटुंबाला आधार देणारी सेवा आणि घरच्या घरी पुनर्वसन हे शासनाने द्यायच्या सेवांत लिहिलंय. कलम ९५ ने माणसाला साखळीने बांधायला बंदी केली. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीला आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेली माणसं पळू शकली नाहीत. २८ जण गेले. त्यांनाही 'घरी सांभाळणं होत नाही' म्हणूनच तिथे आणून सोडलेलं असणार. ती घरं दुष्ट होती असं मला नाही वाटत. थकलेली असतील.

म्हणून मला भीती वाटते ती एकाच गोष्टीची. उद्या 'घरीच उपचार' ही योजना आली आणि त्यात पलंग तेवढा घरचा, नर्स मात्र कागदावर, असं झालं तर? मग ती योजना म्हणजे मोठ्या आईच्याच डोक्यावर आणखी एक घागर. योजनेला मी एकच प्रश्न विचारीन: दुसरी ड्यूटी कोणाची?

सरकारचं उत्तर येईल तेव्हा येईल. तोवर १४४१६ हा टेली मानसचा मोफत नंबर २०२२ पासून चोवीस तास चालू आहे. मोठ्या आईच्या फोनमध्ये मी तो जिभाऊंच्या नावाच्या वरच सेव्ह करून दिलाय. आणि आम्ही चुलत भावंडांनी कॅलेंडरवर नावं टाकलीत. महिन्यातले दोन शनिवार-रविवार कोणीतरी नामपूरला जातं, रात्रीची गोळी देतं, ओट्यावर झोपतं. गेल्या खेपेला माझी ड्यूटी होती. जिभाऊ गोळी घेताना म्हणाले, "आज नर्स बदलली वाटतं."

आत मोठी आई केव्हाच झोपली होती.