बियावर माती किती?

मिरग लागला की धामणगाव रेल्वेच्या कृषी केंद्रांपुढं गर्दी होते, आणि गर्दीतला पहिला प्रश्न वाणाचा असतो. कोणतं बी, कोणत्या कंपनीचं, गेल्या साली कुणाला किती उतारा आला. बी किती खोल पडणार, हे तिथं सहसा कुणी विचारत नाही. बडनेरा ते पुलगाव या लोहमार्गाच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या काळ्या रानात पेरणी साधते की फसते, ते मात्र बरंचसं यावरच ठरतं.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आवळते. पेरणीनंतर जोराचा सडाका आला आणि वर कडक ऊन पडलं, की वरचा थर पापडी धरतो. कोंबाला तो फोडूनच वर यावं लागतं, आणि प्रत्येकाची रीत निराळी. सोयाबीन, कपाशी, मूग, उडीद हे बियाच्या दोन्ही डाळी डोक्यावर घेऊन, मान वाकवून माती उचलतात. तूर आणि हरभरा डाळी जमिनीतच ठेवतात. वर येतो तो नुसता शेंडा. म्हणून रब्बीत ओल गाठायला हरभरा खोल पेरला तरी निभावतं. सोयाबीन मात्र तीन ते पाच सेंटिमीटरच्या खाली गेलं, की मातीखालीच मान मोडून बसतं.

तिफणीवर ही खोली हाकणाऱ्याच्या हातात असते. रुमण्यावर भार दिला की फण खोल जातात, सैल सोडला की वर येतात. चाड्यावर मूठ धरणारी बहुधा बाई असते. ओटीत बी, आणि बोटांच्या फटीतून ते सारखं सुटत राहिलं पाहिजे. बैलांनी पाय उचलला की मूठ मोकळी, धुऱ्याशी वळताना मिटलेली. मागं दोरीनं बांधलेला सरता घेऊन दुसरी चालते, तिच्या नळ्यातून तुरीचं तास पडतं. ओल्या मातीनं एखादा नळा तुंबला, तर ते आठ दिवसांनी कळतं, रानात दर तिसरं तास कोरं दिसतं तेव्हा. इंग्लंडात जेथ्रो टल यानं १७०१ च्या सुमारास पेरणीयंत्र केलं हे पुस्तकात असतं. चाड्या-नळ्याची पेरणी आपल्याकडं त्याच्या कितीतरी आधीची, हे सांगायचं बहुधा राहून जातं.

ट्रॅक्टरच्या यंत्राला खोली बांधून देता येते. पण एकराच्या भावानं पेरणारा घाईत असतो, आणि घाईत ती बांधणी पहिल्या धुऱ्याची ती शेवटपर्यंत. मालकानं मागं चालत चार ठिकाणी माती उकरून बी पाहावं, हेच बरं. भारी रानात बीबीएफ यंत्र, म्हणजे रुंद वरंबा आणि दोन्ही बाजूंना सरी, हे अधिक शहाणपणाचं: झड लागली तर पाणी सरीतून निघून जातं, उघाड पडली तर सरीत मुरलेलं कामी येतं.

सोयाबीनच्या बियाचं साल फार पातळ. पोतं उंचावरून आपटलं तरी उगवण घटते. घरचं बी असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि आठवड्यानं मोजायचे. सत्तर उगवले तर हेक्टरी ७५ किलो पुरतं, कमी उगवले तर त्या प्रमाणात बी वाढवायचं. बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, रायझोबियम शेवटी, सावलीत. आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज तिफण काढायची नाही. हा आकडा ठाऊक सगळ्यांना असतो. शेजाऱ्याची तिफण दिसली की सगळे तो विसरतात. त्यातूनच दुबार पेरणी येते.

कपाशीचं गणित आणखी वेगळं. पूर्वी सरकीला लव असायची. दाणे एकमेकांना चिकटून नळ्यात अडकू नयेत म्हणून ती शेणमातीत चोळून घेत. आता लव काढलेलं बी पाकिटात येतं. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाल्यावर बी इतकं महाग झालं, की चाड्यात ओतायची सोयच उरली नाही. बायका रेघोट्यांच्या फुलीवर एक-दोन दाणे टोबतात. चौफुलीवर टोबलं की डवरा आडवा-उभा दोन्हीकडून चालतो, निंदणाचा खर्च वाचतो. ९० बाय ६० सेंटिमीटरवर हेक्टरी साडेअठरा हजार झाडं बसतात. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं पुढं आणलेल्या सघन लागवडीत ९० बाय १५ वर तीच संख्या ७४ हजारांवर जाते. हलक्या रानात, आटोपशीर वाढीच्या वाणाला ती शोभते. भारी रानात पसरणारं झाड इतकं दाट लावलं, तर बोंडं सावलीत सडतात.

परसात हाच हिशेब बोटाच्या पेरानं होतो. सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, दाणा ही दोन बियांची जोडी. लाटण्याखाली हलक्या हातानं रगडून ती फोडायची, रात्रभर भिजवायची, मग ओळीत पेरायची. मेथी फेकून पेरली तरी चालते. वांगं-मिरचीचं बारीक बी गादीवाफ्यावर आडव्या रेघांत, वर चाळलेल्या शेणखताचा सेंटिमीटरभर थर आणि गवत. कोंब दिसताच गवत काढलं नाही, तर रोपं पिवळी, लांबुडकी होतात. विकतचं रोप हवं असलं तर कोकोपीट भरलेले ९८ कप्प्यांचे ट्रे आता रोपवाटिकांत मिळतात. काढताना मुळं तुटत नाहीत.

रोपांची ही युक्ती रानातही चालते. कपाशी टोबतात त्याच दिवशी उरलेलं बी माती-शेणखत भरलेल्या छोट्या पिशव्यांत लावून विहिरीजवळ ठेवायचं. रानात नांगे पडलेच, तर पाऊस येऊन गेल्यावर पिशवी फाडून, गोळा न फोडता, ते रोप तिथं बसवायचं. नांग्यात नुसतं बी टोबलं तर ते झाड शेजाऱ्यांहून पंधरवड्यानं मागं पडतं आणि सावलीतच वाढतं. पिशवीतलं रोप त्यांच्याच वयाचं असतं.